शेजाऱ्यांची मान्यता

एखादे राष्ट्र प्रादेशिक सत्ता केव्हा ठरते? विस्तीर्ण भूमी, मोठी लोकसंख्या, सैन्य व संपत्ती ही त्याची साधने होत, यात वाद नाही. परंतु साधने असणे निराळे आणि शेजारी आपला शब्द चालणे निराळे. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून आम्ही आपल्याच देशाची दोन उदाहरणे घेतो.

१९८७ च्या जुलैत श्रीलंकेशी करार होऊन आपली शांतिसेना तेथे गेली. कराराखाली राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांची सही होती; पण तमिळ वाघांचे मन त्यात नव्हते आणि सिंहली जनतेचेही नव्हते. वाघांशीच लढाई जुंपली. पुढे कोलंबोचे नवे सरकारही सेना परत न्या म्हणू लागले. १९९० च्या मार्चमध्ये सेना परतली, तोवर ११०० हून अधिक जवान कामी आले होते.

उलट, १९८८ च्या नोव्हेंबरात मालदीवमध्ये बंड होताच राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी साहाय्य मागितले. त्याच रात्री आग्र्याहून निघालेले सैनिक विमानाने तेथे उतरले व बंड मोडले. बंडखोर मूठभर होते, हे खरे. पण काम नेमके होते आणि तेथील जनतेला ते हवे होते.

सैन्य तेच, सरकारही तेच, फरक मान्यतेचा. ही मान्यता कायमची मिळत नसते. त्याच मालदीवच्या मागणीवरून २०२४ च्या मेपर्यंत भारतीय लष्करी कर्मचारी माघारी आले. लहान शेजाऱ्याला आता दूरचा धनिक मित्रही मिळू शकतो. म्हणून बळ वाढवावे, पण विश्वास त्याहून जपावा, असे आम्हांस वाटते.