कोडियक्करैचे वन आणि दलदल

तंजावरच्या ज्या मुलखावर भोसले घराण्याने सुमारे पावणेदोनशे वर्षे राज्य केले, त्याच्या आग्नेय टोकाशी, जेथे बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडून आलेला किनारा एकाएकी काटकोनात वळून पाल्कच्या सामुद्रधुनीला सामोरा जातो, तेथे कोडियक्करैचे अभयारण्य आहे. मद्रास सरकारने 1967 साली ते मुख्यतः काळविटांच्या रक्षणार्थ स्थापन केले. पुढे 2002 मध्ये वेदारण्यमच्या विस्तीर्ण दलदलीसह रामसर करारान्वये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. बहुतेक प्रवासी येतात ते रोहित पक्ष्यांच्या ओढीने, आणि दलदलीच्या काठावरूनच माघारी फिरतात. त्यांनी वनातही पाऊल टाकावे असे मला मनापासून वाटते, कारण वन आणि दलदल या दोहोंचा योगक्षेम एकाच पावसाच्या हाती आहे.

हा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांतला. वाळूच्या टेकाडांवर पडलेले पाणी खाली झिरपते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. वाळूच्या पोटातील या गोड्या साठ्यावर तेथील शुष्क सदाहरित वन जगते. त्यातला प्रमुख वृक्ष म्हणजे आपली खिरणी; समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला दाद न देणारी तिची जाड, चिवट पाने ऐन उन्हाळ्यातही हिरवीगार असतात. शेजारच्या गवताळ माळावर काळविटांचे कळप चरतात.

तोच पाऊस दलदलीतील क्षारांची तीव्रता उतरवतो. पुढे ऊन तापून पाणी आटू लागले की ती पुन्हा चढते, आणि तिच्या चढउताराबरोबर पाण्यातील सूक्ष्म जीव, व त्यांच्यामागोमाग पक्षीही बदलत जातात. रोहित पक्षी पायांनी चिखल ढवळतो, मान खाली घालून चोच उलटी करतो, आणि जिभेने पाणी आतबाहेर खेळवत चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून आपले भक्ष्य गाळून घेतो. त्याच्या पायांशी चिमणीएवढे टिलवे घाईघाईने चिखल टिपत असतात. सैबेरियाच्या अतिउत्तरेस वीण उरकून ते हजारो मैल उडत आलेले असतात. सलीम अलींच्या प्रेरणेने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने येथे पक्ष्यांच्या पायांत क्रमांकित कडी घालून त्यांच्या स्थलांतराचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याचा मुंबईकरांनी अभिमान बाळगावा.

मिठाचा व्यवसाय या भागात जुना आहे. 1930 साली राजाजींनी तिरुचिरापल्लीहून पदयात्रा काढून मिठाचा कायदा मोडला तो वेदारण्यमलाच. परंतु मिठागरांचे बांध दलदलीच्या पाण्याची वाट बदलतात, आणि विलायती बाभूळ काळविटांच्या गवताळ जमिनीवर आक्रमण करते. अभयारण्याची हद्द कागदोपत्री आखून भागत नाही. हद्दीबाहेरच्या पाण्याचा बंदोबस्तही त्याच आस्थेने व्हावयास हवा.

पक्ष्यांसाठी जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, वनखात्याची परवानगी घ्यावी, आणि सकाळ दलदलीला दिली तर तिसरा प्रहर खिरणीच्या वनासाठी राखून ठेवावा.