गिग आणि सुपारी

गिग म्हणजे एका रात्रीपुरतं मिळालेलं वाजवण्याचं काम. १९२०च्या दशकात जॅझ वादकांच्या बोलीत हा शब्द रुळला. आज घरपोच जेवण आणणाराही गिग कामगार. भारताच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्याच आहे. गिगसाठी आपला जुना शब्द सुपारी. माकणी गावाच्या बाजूला गावजत्रेत तमाशा किंवा ऑर्केस्ट्रा आणायचा तर जत्रा कमिटी आधी सुपारी देते, म्हणजे रक्कम ठरवून विसार. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी तिथे घासाघीस करतात, आणि चैत्र पौर्णिमेची तारीख हवी असेल तर भाव चढणारच! सुपारी या शब्दाला खुनाचा वास लागला तो मुंबईतल्या टोळ्यांमुळे. लग्न ठरलं की मात्र सुपारी फुटते.