टॉवर दूर, फोन छातीशी

सोसायटीच्या गच्चीवर मोबाइल टॉवर येणार म्हटले की सभा गाजतात, सह्या गोळा होतात, महापालिकेत अर्ज जातात. ही काळजी समजण्यासारखी आहे, पण शरीरावर पडणाऱ्या लहरींचा हिशेब मांडला तर ती चुकीच्या जागी लागली आहे. टॉवरची शक्ती मोठी असली, तरी अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. फोनची शक्ती थोडी, पण तो शर्टाच्या खिशात छातीला टेकलेला असतो. शिवाय टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो. तळघरात, लिफ्टमध्ये किंवा घाटात रेंज एका दांडीवर आली की तोच फोन टॉवर गाठण्यासाठी जोर लावतो. म्हणून काळजी घ्यायची ती फोन आणि अंग यांतल्या अंतराची.

मग फोनने कर्करोग होतो का? या लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत. डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊती किंचित तापणे. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना ‘कर्करोगकारक असू शकतील’ अशा 2-बी गटात टाकले. पुरावा अपुरा आहे, पण शक्यता नाकारता येत नाही, एवढाच या गटाचा अर्थ. त्यानंतर 2024 मध्ये याच संघटनेने करवून घेतलेल्या, 63 अभ्यासांच्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. स्वित्झर्लंडमध्ये 18 ते 22 वयाच्या 2,886 तरुणांच्या तपासणीत, दिवसातून 20 पेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांमध्ये शुक्रजंतूंचे प्रमाण कमी दिसले. पण फोन पँटच्या खिशात ठेवण्याशी त्याचा संबंध दिसला नाही. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही.

‘धोका सिद्धच नाही, तर खिशाची उठाठेव कशाला?’ असे कोणी विचारेल. पहिले कारण मोजणीत आहे. भारतात 1 सप्टेंबर 2012 पासून शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची, म्हणजे ‘सार’ची, मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर किलोमागे 1.6 वॅट आहे. *#07# दाबले की बहुतेक फोनवर त्या फोनचा ‘सार’ आकडा दिसतो. पण अंगावर बाळगलेल्या फोनचा आकडा काही मिलिमीटर अंतर सोडून मोजलेला असतो, आणि घट्ट खिशात ते अंतर उरत नाही. 2023 मध्ये फ्रान्समध्ये आयफोन 12 हातात किंवा पँटच्या खिशात असल्याप्रमाणे, थेट टेकवून तपासला, तेव्हा तिथली मर्यादा किलोमागे 4 वॅट असताना 5.74 वॅट भरले. विक्री थांबली आणि कंपनीला सॉफ्टवेअर बदलावे लागले. मर्यादा ठरवतानाच सुरक्षिततेसाठी मोठा वाव ठेवलेला असतो, त्यामुळे यातून कोणी आजारी पडले असा निष्कर्ष निघत नाही. पण अंतर गेले की आकडा बदलतो, हे मात्र स्पष्ट झाले.

दुसरे कारण पक्के आहे. पेसमेकर किंवा डिफिब्रिलेटर बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, म्हणजे शर्टाच्या खिशाच्या अगदी वरच बसवतात. नव्या फोनमधला चुंबक फार जवळ आला, तर डिफिब्रिलेटरचे झटका देऊन लय सावरण्याचे काम थांबू शकते. म्हणून सहा इंच, म्हणजे 15 सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात. लहरींबद्दल मत काहीही असो, या रुग्णांना ही काळजी चुकवून चालणार नाही.

यासाठी बाजारातले ‘रेडिएशन रोखणारे’ स्टिकर नकोत. त्यांनी सिग्नल अडला तर फोन उलट जास्त जोर लावतो. फोन पिशवीत किंवा टेबलावर ठेवावा, लांब बोलायचे असेल तर इअरफोन किंवा स्पीकर लावावा, रेंज कमी असताना तो अंगाला चिकटवू नये. आणि घरातल्या ज्या आजोबांना पेसमेकर आहे, त्यांचा फोन आजच शर्टाच्या डाव्या खिशातून बाहेर काढावा.