वार खाली असेल तर तयारी आधीच हवी

“वार खाली आहे,” असे सोनोग्राफीनंतर डॉक्टरांनी सांगितले की काळजात धस्स होते. मग कुणी म्हणतं, पायाखाली उशी घे. कुणी म्हणतं, अंथरुणावरून उठूच नकोस. मैत्रिणींनो, नुसते पडून राहून वार वर सरकत नाही. इथे कामी येते ती वेळेवर केलेली तयारी.

वार साधारणपणे गर्भपिशवीच्या वरच्या भागात असते. ती पिशवीच्या तोंडावरच असेल, तर बाळाची वाट अडते आणि सिझेरियन करावे लागते. पाचव्या महिन्यात खाली दिसलेली वार पिशवी वाढते तशी बहुतेकींच्या बाबतीत वर जाते. म्हणून आठव्या महिन्यात पुन्हा सोनोग्राफी करायची.

वार सुटली की पिशवीचे स्नायू आवळतात आणि रक्तवाहिन्या चिमटीत धरल्यासारख्या बंद होतात. पिशवीच्या खालच्या भागात मात्र हे स्नायू कमी असतात. त्यामुळे तिथली वार सुटल्यावर रक्त लवकर थांबत नाही. आधीचे सिझेरियन असेल तर आणखी एक धोका असतो. जुन्या टाक्यांच्या जागी वार रुतून बसू शकते. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वार खाली असलेल्या बायकांपैकी आधी एक सिझेरियन झालेल्या शंभरात ११ जणींची, तर दोन झालेल्या शंभरात ४० जणींची वार रुतलेली आढळली. तेव्हा “मागच्या वेळी सगळं नीट झालं होतं” यावर विसंबू नका. वार टाक्यांवर आहे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आता तयारीचे बघू. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर आत्ताच भरून काढा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबाच्या सरबताबरोबर घ्या. शौचाला काळसर झाली तर घाबरायचं नाही. गोळ्यांनी भागत नसेल, तर शिरेतूनही लोह देता येते.

रक्ताची सोय, भूलतज्ज्ञ आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांची व्यवस्था असलेले रुग्णालय आधीच ठरवा. माहेरच्या गावी ही सोय नसेल, तर या खेपेला माहेरचा हट्ट नको. रक्तगट आणि मागच्या सिझेरियनचे कागद एका पिशवीत तयार ठेवा. ‘ह्यांना’ आणि दिरांना रक्त द्यायची वेळ येऊ शकते, हेही आधी सांगून ठेवा.

सिझेरियनची तारीख डॉक्टरांनाच ठरवू द्या. वार खाली असेल तर बहुधा ३६-३७ आठवड्यांना, रुतलेली असेल तर ३४-३५ आठवड्यांनाच ते करतात. मुहूर्तासाठी थांबणे महागात पडेल. त्याआधी अंगावरून लाल गेले, मग ते थोडे का असेना आणि दुखत नसले तरी, लगेच रुग्णालय गाठा. “वार खाली आहे” हे पहिल्यांदा सांगा, म्हणजे आतून तपासणी होणार नाही. पतिपत्नीसंबंधही तोवर टाळा.

रक्त थांबवायला पिशवी आवळणारी इंजेक्शने, आतून दाब देणारा फुगा, खास टाके असे उपाय डॉक्टरांच्या हाती असतात. ट्रानेक्सामिक ॲसिड हे औषध जपानच्या डॉ. उताको ओकामोतो आणि त्यांचे यजमान शोसुके यांनी १९६२ साली जगापुढे आणले. सुमारे २० हजार बाळंतिणींवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले, की रक्तस्राव होणाऱ्या बाईला ते तीन तासांच्या आत दिले तर जीव वाचण्याची शक्यता वाढते.

आणि एक अवघड गोष्ट. वार फारच रुतलेली असेल, तर ती ओढून काढणे धोक्याचे असते. अशा वेळी आईला वाचवण्यासाठी पिशवीच काढावी लागते. याविषयी नवऱ्याशी आणि सासूबाईंशी निवांत असताना बोला, डॉक्टरांना शंका विचारा. ऐन वेळी दाराबाहेर चर्चा करत बसण्यापेक्षा तुमचा निर्णय तुम्हीच आधी सांगितलेला बरा. पिशवी गेली तरी बाळाला कुशीत घेणारी आई घरी परत येते. घराला तीच तर हवी असते, नाही का?