देवळाबाहेरची जात चर्चच्या आत कशी शिरली?

माणूस धर्म बदलतो, पण जात त्याची पाठ सोडत नाही, हा या देशाचा अनुभव आहे. महार, मांग, चांभार, परया, माला, मादिगा या समाजांतील लाखो माणसांनी माणुसकीच्या शोधात ख्रिस्ती धर्म जवळ केला. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून एकोणिसाव्या शतकात वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, अंगावर धड कपडा आला. हे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा आम्ही करणार नाही. परंतु गावाने त्यांना बरोबरीचे मानले काय? आणि चर्चने तरी मानले काय?

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार पूर्वीच विचारला होता. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. चर्चच्या सेवेबद्दल बाबासाहेबांना आदर होता. पण चर्चने आपल्या आतली जात मोडली नाही आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध संघटित होऊन उभा राहिला नाही, ही त्यांची तक्रार होती. ती तक्रार आजही निकाली निघालेली नाही.

पुरावा हवा असेल तर तामिळनाडूकडे पाहावे. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत उभी राहिली. म्हणजे मेल्यावरही विटाळ! विल्लुपुरम जिल्ह्यातल्या एरैयूर गावात २००८ साली दलित ख्रिस्ती बांधवांनी स्वतःच्या वेगळ्या धर्मग्रामाची मागणी केली, तेव्हा दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. एकाच येशूची प्रार्थना करणारे दोन समाज एकमेकांसमोर उभे ठाकले. आपल्या शेजारच्या गोव्यात चार-पाचशे वर्षांनंतरही कॅथलिक समाजात बामण, चार्डो, सुदीर हा भेद लग्न जुळवताना डोके वर काढतोच. धर्म बदलला, पण मनुस्मृती घराबाहेर गेली नाही.

चर्चच्या वरिष्ठांना हे माहीत नाही असे नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ साली तामिळनाडूच्या बिशपांना जातिभेदाबद्दल स्पष्ट शब्दांत बजावले. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती समाजाच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये भेदभाव चालतो हे मान्य केले. २०२२ साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला कार्डिनल झाले. दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल होत. त्याआधी, १९८१ साली, अरविंद निर्मल यांनी बंगळुरूला दिलेल्या व्याख्यानातून दलित धर्मचिंतनाची वाट पडली. आत्म्याच्या मुक्तीआधी माणसाच्या अपमानाचे काय, हा प्रश्न चर्चच्या आतूनच उभा राहिला. या सगळ्याचे आम्ही स्वागत करतो. पण एक कार्डिनल झाल्याने वस्तीतल्या मुलाला चर्चच्या महाविद्यालयात जागा मिळत नाही.

येथे चर्चच्या दुटप्पीपणावर बोट ठेवणे आम्हाला भाग आहे. चर्च दरवर्षी १० ऑगस्टला काळा दिवस पाळते. का, तर १९५० साली याच दिवशी निघालेल्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित बाहेरच राहिले. मागणी रास्तच आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालच्या निकालात म्हटले होते की, धर्मांतरानंतरही तेच सामाजिक अपंगत्व कायम आहे हे दाखवावे लागेल. मग सरकारपुढे ‘आमच्यात जात आहे’ म्हणायचे आणि रविवारच्या प्रवचनात ‘येथे सारे एक’ म्हणायचे, हे कसे चालेल?

शिवाय राज्यघटनेच्या कलम १५(५) मुळे अल्पसंख्याकांच्या शिक्षणसंस्थांना आरक्षणाची सक्ती नाही. ठीक आहे. पण सक्ती नाही म्हणजे मनाई आहे काय? देशातल्या नामांकित शाळा आणि महाविद्यालये चर्चच्या हाती आहेत. तेथे दलित ख्रिस्ती मुलांसाठी जागा, दलित शिक्षकांसाठी पदे आणि धर्मग्रामाच्या कारभारात वाटा राखून ठेवायला कोणाची परवानगी लागते? आधी घरात न्याय करावा, मग दिल्लीकडे हात पसरावा.

आता थोडे आपल्या समाजाविषयी. दलित ख्रिस्ती आले तर आपल्या ताटातले जाईल, अशी कुजबुज आपल्याही वस्त्यांत चालते. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. नोकऱ्या आटत चालल्या आहेत, रिक्त जागा भरल्या जात नाहीत. पण आपण आपला इतिहास विसरलो काय? १९५६ साली धम्मदीक्षा घेतली म्हणून केंद्राच्या सवलती आपल्याच बापजाद्यांच्या हातून गेल्या. त्या परत मिळवायला ३४ वर्षे लागली. तेव्हाही ‘धर्म बदलला, आता कसली जात?’ असाच प्रश्न आपल्याला विचारला गेला. तोच प्रश्न आज आपण भावकीतल्या माणसाला विचारणार काय? एकाच आज्याची दोन नातवंडे, एक विहारात जाते आणि एक चर्चमध्ये. गावातल्या पाटलाच्या नजरेत मात्र दोघांची जात एकच. पहिल्यावर हल्ला झाला तर अॅट्रॉसिटी लागते, दुसऱ्यावर झाला तर लागत नाही. हा कसला न्याय?

केंद्र सरकारने २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात मांडलेली भूमिकाही नीट समजून घेतली पाहिजे. ख्रिस्ती धर्मात अस्पृश्यता नाही आणि बौद्धांचे धर्मांतर बाबासाहेबांच्या हाकेमुळे झाले म्हणून ते वेगळे, असा युक्तिवाद झाला. बाबासाहेबांचे नाव घेऊन शोषितांना शोषितांपासून तोडण्याचा हा डाव आहे. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ सालीच अनुसूचित जातींचा दर्जा धर्मापासून वेगळा करा, अशी शिफारस केली होती. ती बासनात ठेवून २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग नेमला गेला आणि पुढे त्याला मुदतवाढ मिळाली. आयोगावर आयोग, हीच सरकारची जुनी रीत.

आमचे म्हणणे सरळ आहे. संख्या वाढली तर टक्का वाढलाच पाहिजे. जुन्या वाट्याला धक्का न लावता दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिमांना त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाढीव वाटा द्यावा. पन्नास टक्क्यांची मर्यादा आड येते, असे कोणी सांगू नये. २०१९ साली आर्थिक निकषावर दहा टक्के देताना ती आडवी आली नाही आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैधही ठरवले. सवर्णांसाठी मर्यादा ओलांडता येते, मग दलितांसाठी का नाही?

आणि चर्चला आमचे एवढेच सांगणे आहे की, येशू कोणाच्या पंगतीत बसला होता हे तुम्ही जगाला सांगता. आता तुमच्या पंगतीत कोण कोठे बसतो हे तपासा. दफनभूमीतल्या भिंती पाडा. धोरणाच्या कागदाची अंमलबजावणी किती झाली, त्याचा हिशेब दरवर्षी दलित ख्रिस्ती समाजापुढे ठेवा. दलित ख्रिस्ती बांधवांनीही फादर आणि बिशप आपला लढा लढतील याची वाट पाहू नये. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हा मंत्र एका धर्मापुरता नाही. तुम्ही रस्त्यावर या. आम्ही तुमच्या बरोबर आहोत.