मुलांच्या घराला गल्लीची परवानगी लागते का?

गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावात निराधार मुलांसाठी घर बघायला निघालो की आम्हाला पहिला प्रश्न येतो, "पोरं कुणाची? जात काय?" मग भाषा बदलते, "ही रहिवासी वस्ती आहे, इथं संस्था चालणार नाही."

कायदा काय सांगतो? बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये 'ग्रुप फॉस्टर केअर'ची तरतूद आहे. एका घरात जास्तीत जास्त ८ मुले आणि त्यांना सांभाळणारे पालक. हे वसतिगृह नव्हे, कुटुंबासारखे घर आहे. म्हणून त्याची जागा वस्तीतच. मुलांना संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय, असे कलम ३ सांगते. मूल सोपवण्याचा आदेश बालकल्याण समिती देते. शेजाऱ्यांची संमती ही अट या कायद्यात नाही. बांधकाम परवाना, बिनशेती हे कागद मात्र चोख ठेवा; विरोध तिथेच फट शोधतो.

अमेरिकेतील क्लेबर्न शहराने बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या घराला विशेष परवान्याची अट घातली आणि तो नाकारला. तिथेच इतर सामूहिक निवासांना ही अट नव्हती. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय पूर्वग्रहातून आल्याचे सांगून रद्द ठरवला.

परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनाही बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. तेव्हा जात उघड सांगितली जायची, आज नियम पुढे केला जातो. म्हणून मित्रांनो, विरोध झाला की हरकत लेखी मागा, कोणत्या नियमाखाली तेही विचारा. हरकत जागेवर आहे की मुलांवर, ते तिथेच कळेल.