शंकरपटाच्या बैलाची पारख

वऱ्हाडात शंकरपट म्हटला की तळेगाव दशासरचे नाव निघते. पटात पळालेला बैल विकत घेणे मात्र नांगराचा बैल घेण्याइतके सोपे नाही. प्रथम दात पाहावेत. बैलाला समोरचे दात खालच्याच जबड्यात, एकूण आठ. अडीच वर्षांच्या सुमारास पहिली पक्की जोडी येते, तेव्हा तो 'दोन दाती'. पाचाच्या आसपास आठही पुरे होऊन तो 'जुळतो'. त्यापुढे वय झिजेवरून ओळखायचे, आणि फसगत होते ती येथेच. मग खूर, सांधे, खांदा चाचपावा. उभ्या बैलावर भुलू नये. जोडीदाराबरोबर पळवून पाहावे, कारण पट जोडीचा असतो.

रुमालाखाली बोटांनी ठरणारा भाव शेवटी पटावरच अवलंबून. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. शर्यतच नाही, तर वेगाला मोल कसले? १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी कायदाही वैध ठरला.

वेग ओसरलेला बैल विकताना तसे स्पष्ट सांगणे हा विकणाऱ्याचा धर्म. घेणाऱ्यानेही, पट संपल्यावर आपल्या दावणीला त्याला ठाव आहे का, हे आधी ठरवावे.